टाळी वाजवा, खोली ऐकू येईल

आत्ता जिथे बसून हे वाचताय, तिथेच एक जोरात टाळी वाजवा. लोकलमध्ये असाल तर राहू द्या, लोक वळून बघतील. पण घरी, हॉस्टेलवर किंवा कॉलेजच्या जिन्यात असाल तर वाजवाच. टाळी वाजून गेल्यावर तिच्या मागे काय रेंगाळतं, ते ऐका. बाथरूममध्ये हे रेंगाळणं चकचकीत असतं, जिन्यात लांबलचक असतं. गाद्या, चादरी आणि न धुतलेल्या कपड्यांनी भरलेल्या हॉस्टेलच्या खोलीत ते जवळजवळ नसतंच. परीक्षा संपल्यावर सामान हलवलं की तीच खोली अचानक बोलायला लागते. भिंती त्याच, माणसं तीच, पण आवाज परका.

या रेंगाळण्याला ऑडिओवाले रिव्हर्ब म्हणतात. रील एडिट करताना किंवा गाणं मिक्स करताना तुम्ही तो मेन्यू उघडलेला असणार. त्यात 'हॉल', 'रूम', 'चेंबर', 'प्लेट', 'स्प्रिंग' असे पर्याय असतात. आपण एकेक दाबून बघतो, बरा वाटेल तो ठेवतो आणि पुढे जातो. पण हे शब्द उगाच ठेवलेले नाहीत. यातला प्रत्येक शब्द एकेकाळी एखादी खरी जागा किंवा खरी वस्तू होता, आणि त्यातल्या काही वस्तू उचलायला चार-पाच माणसं लागायची.

आधी एक घोळ निस्तरू. रिव्हर्ब म्हणजे प्रतिध्वनी नव्हे. विजापूरच्या गोल घुमटात शाळेच्या सहलीत जाऊन ओरडून आला असाल, तर स्वतःचं नाव परत परत ऐकू आलेलं आठवत असेल. तो प्रतिध्वनी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो. भिंत 17 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक दशांश सेकंद लागतो, आणि कानाला परत आलेला आवाज वेगळा ओळखू येतो. भिंती जवळ असल्या की असे हजारो छोटे प्रतिध्वनी एकमेकांच्या अंगावर पडतात, वेगळे ओळखू येत नाहीत आणि त्यांची एक शेपटी तयार होते. ती शेपटी म्हणजे रिव्हर्ब. कान तेवढ्यावरून ठरवतो, की जागा केवढी आहे, दगडाची आहे की लाकडाची, बोलणारा जवळ आहे की लांब. डोळे मिटूनही तुम्हाला कळतं की आपण लिफ्टमधून बाहेर आलो.

ही शेपटी पहिल्यांदा नीट मोजली ती एका वैतागातून. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालय नवीन बांधलं. त्यातल्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये प्राध्यापक काय बोलतात, ते कुणाला कळेना. एक शब्द विरायला साडेपाच सेकंद लागायचे, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. 1895 मध्ये हे दुखणं वॉलेस सॅबिन या विशीतल्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात आलं. त्याच्याकडे साधनं होती तीन : ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. रात्री रस्ते शांत झाले की तो मदतनिसांना घेऊन जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये पसरायचा, नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. मग आणखी थोड्या गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर, कारण थिएटर सुरू असायचं. यातून जे सूत्र निघालं ते आजही सिव्हिल आणि आर्किटेक्चरची पोरं शिकतात. जागा जितकी मोठी तितकी शेपटी लांब, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकी ती आखूड. 1900 साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल सॅबिनच्या सल्ल्याने बांधला, आणि तो आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये धरला जातो.

आवाज पिणाऱ्या वस्तूंमध्ये माणसंही आली. एकांकिका करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. रिकाम्या नाट्यगृहातल्या तालमीत घुमणारा तुमचा आवाज प्रयोगाला हाऊसफुल गर्दी शोषून घेते. तुमचा घसा बसलेला नसतो, समोर पाचशे सुती शर्ट बसलेले असतात.

आता मेन्यूकडे परत. 'चेंबर' म्हणजे अक्षरशः खोली. गाण्याला घुमारा हवा असेल तर स्टुडिओवाले एका रिकाम्या, टणक भिंतींच्या खोलीत स्पीकर ठेवायचे, त्यावर गाणं वाजवायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या माइकने खोलीचा आवाज परत पकडायचे. 1947 मध्ये शिकागोच्या बिल पुटनमने तर यासाठी चक्क स्टुडिओचं बाथरूम वापरलं. 'हार्मोनिकॅट्स' नावाच्या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाची ती रेकॉर्ड अमेरिकेत तुफान चालली. तेव्हा बाथरूममध्ये गाऊन रील टाकणाऱ्यांनो, तुमच्या परंपरेला पाऊणशे वर्षं होऊन गेली आहेत.

प्रत्येक स्टुडिओकडे रिकामी खोली कुठून असणार? म्हणून 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा पातळ पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला. त्याला आवाजाने थरथरवायचं आणि ती थरथर परत उचलायची. हे झालं 'प्लेट'. सगळं धूड मिळून 270 किलोच्या आसपास. 'स्प्रिंग' म्हणजे खरोखरच्या स्प्रिंगा, आधी हॅमंड ऑर्गनमध्ये आणि मग गिटारच्या अँपमध्ये बसवलेल्या. चालू अँपला धक्का लागला की आतून ढगांसारखा गडगडाट व्हायचा. तुमच्या मोबाइलमधल्या 'प्लेट' या बटणामागे कुणीतरी त्या पत्र्याचं गणित मांडून बसलं आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. खोलीची नक्कल करण्यापेक्षा खोलीच उचलून आणता आली तर?

कल्पना साधी आहे. एखाद्या जागेत फट्कन एक आवाज करा, फुगा फोडा किंवा शर्यतीचं पिस्तूल उडवा. अशा क्षणभराच्या आवाजात सगळ्या पट्टीतले सूर एकदम असतात. त्याला खोलीने जे उत्तर दिलं, तो त्या जागेचा ठसा. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. आता तुमचं गाणं घ्या. कॉम्प्युटरच्या दृष्टीने गाणं म्हणजे सेकंदाला 44,100 आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक चिमुकला फुगाच. प्रत्येकाच्या मागे त्याच्या ताकदीप्रमाणे खोलीची अख्खी शेपटी लावायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. झालं, तुम्ही त्या खोलीत गायलात. याला कॉन्व्होल्युशन म्हणतात. शेपटी दोन सेकंदांची असेल आणि हे सरळ हिशेबाने करायचं म्हटलं तर दर सेकंदाच्या गाण्याला सुमारे 389 कोटी गुणाकार होतात. म्हणून तर कल्पना जुनी असूनही गाडी अडली होती. गणितातल्या पळवाटा आणि वेगवान प्रोसेसर हाताशी आल्यावर 1999 मध्ये सोनीचं तसं यंत्र आलं, आणि 2001 मध्ये नेदरलँड्सच्या ऑडिओ ईज कंपनीचं 'अल्टिव्हर्ब' हे सॉफ्टवेअर. त्या लोकांनी चर्च, नाट्यगृहं, अगदी मोटारींच्या आतल्या बाजूसुद्धा अशा मोजून गोळा केल्या.

या तंत्राचं मला भावलेलं सगळ्यात मोठं काम मात्र स्टुडिओतलं नाही, इस्तंबूलमधलं आहे. तिथली हागिया सोफिया ही वास्तू सन 537 मधली. नऊशेहून जास्त वर्षं चर्च, मग मशीद, मग संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद. आत संगमरवर आणि वर प्रचंड घुमट. तिथे आवाज विरायला 11 सेकंदांच्या आसपास लागतात. मध्ययुगात तिथे गायली जाणारी बायझंटाइन स्तोत्रं कागदावर टिकली, पण संग्रहालय असतानाही आत गायला परवानगी नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कला-इतिहासकार बिसेरा पेंचेवा आणि ध्वनितंत्रज्ञ जोनाथन एबल यांनी डोकं लढवलं. गायला बंदी आहे ना? ठीक. 2010 मध्ये परवानगी काढून तिथे फुगे फोडले गेले आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड झाला. त्या काही सेकंदांतून त्यांनी वास्तूचा ठसा काढला. मग 'कॅपेला रोमाना' या अमेरिकन गायकवृंदाने तो घुमारा लावून ती स्तोत्रं गायली, 2019 मध्ये त्याचा अल्बम आला. गंमत अशी की कानात तो 11 सेकंदांचा घुमारा ऐकू यायला लागल्यावर गायकांचं गाणंच बदललं. लय संथ झाली. आधीचा सूर अजून हवेत आहे म्हटल्यावर पुढचा टाकायची घाई कोण करेल? जागा ही त्या संगीतातली एक वादकच होती, आणि ती इतकी वर्षं गैरहजर होती.

पॅरिसच्या नोत्र-दामची गोष्ट याहून चटका लावणारी. ब्रायन कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्या कॅथेड्रलचा आवाज मोजून ठेवला होता, तेव्हा तो नुसता एक संशोधन प्रकल्प होता. 15 एप्रिल 2019 ला छत जळून कोसळलं, आणि ते मोजमाप म्हणजे आगीआधीच्या आवाजाची जपलेली नोंद ठरली. इमारतीचे फोटो तर लाखो लोकांकडे होते. डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

आपल्याकडे काय? बाजारातल्या या संग्रहांत युरोपातली कॅथेड्रलं ढिगाने मिळतात, घाटावरचं एखादं दगडी देऊळ सापडलं तर मला कळवा. पुण्यातले वाडे पाडून टॉवर उभे राहतात, एकपडदा थिएटरांचे मॉल होतात. पाडायच्या आदल्या दिवशी जाऊन फोटो काढणारे खूप असतात, फुगा फोडणारं कुणी नसतं.

जागांइतकाच ठसा जुनी यंत्रंही सोडतात. तुमच्या प्लेलिस्टमध्ये 'लो-फाय' किंवा 'स्लोड अँड रिव्हर्ब' नक्की असणार. गाणी संथ करून ऐकवण्याचं हे वेड मुळात 1990 च्या दशकातल्या ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूच्या कॅसेटींचं. त्याच्या जोडीला आली रेकॉर्डची खरखर आणि टेपची सूंऽऽ. ही खरखर काय चीज आहे माहितीये? जुन्या 78 च्या रेकॉर्डी लाखेच्या होत्या, आणि लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच व्हायचा. त्या मिश्रणात दगडाची पूड घातलेली असायची. तिच्यावरून पोलादी सुई घासत जायची, त्याची ती खसखस. आमच्या आजोबांच्या पिढीला ती नको होती. इंजिनिअरांनी पन्नास वर्षं घालवून ती काढली, आणि आता आपण फुकटचं प्लगइन टाकून ती परत आणतो. आयझोटोप कंपनीच्या 'व्हाइनल' या प्लगइनमध्ये धूळ, ओरखडे, वाकलेली तबकडी, सगळ्याची वेगवेगळी बटणं आहेत, आणि कुठल्या काळातला रेकॉर्ड प्लेअर हवा तेही निवडता येतं. उलटा प्रकार 2017 मध्ये आलेल्या 'कारवाँ'चा. चेहरा आजीच्या रेडिओचा आणि आतली पाच हजार गाणी चिपवरची. दोन्हींचा धंदा एकाच गोष्टीवर चालतो, पण आजीला कारवाँ आवडतो आणि नातीला खरखर.

यंत्राचा ठसा मात्र एका फुग्यात पूर्ण सापडत नाही. खोली प्रामाणिक असते. हळू बोला, जोरात बोला, ती त्याच प्रमाणात उत्तर देते. जुना रेडिओ तसा नसतो. आवाज वाढवला की त्याचा स्पीकर चिरकतो. रेकॉर्डचं मधलं भोक जरा सरकलेलं असेल तर दर फेरीला सूर वरखाली डुलतो. कॅसेटची पट्टी कधी ताणली जाते, कधी सैल पडते. म्हणून अशा प्रत्येक खोडीची नक्कल वेगवेगळी करावी लागते.

आणि एवढं करूनही काहीतरी खोटं वाटतं. का, ते वॉल्टर मर्चकडून शिकावं. 1973 चा 'अमेरिकन ग्राफिटी' हा सिनेमा एका रात्रीत घडतो, आणि रात्रभर गाड्यांच्या रेडिओवर गाणी वाजत असतात. मर्चने स्टुडिओतली स्वच्छ गाणी तशीच वापरली नाहीत. दिग्दर्शक जॉर्ज लुकास आणि तो एका घराच्या मागच्या अंगणात गेले. लुकासच्या हातात स्पीकर, मर्चच्या हातात माइक. गाणी वाजवत दोघंही आपापल्या जागी स्पीकर आणि माइक इकडेतिकडे फिरवत राहिले आणि ते पुन्हा रेकॉर्ड केलं. या युक्तीला मर्च 'वर्ल्डायझिंग' म्हणतो. म्हणजे आवाजाला जगाची हवा लागू द्यायची.

एकांकिका आणि शॉर्टफिल्मवाल्यांनो, यातली गोम लक्षात घ्या. नाटकात आजोबांच्या रेडिओवर बातम्या लागतात. बहुतेक टीम काय करते? आवाजावर खरखर ओतते आणि वरच्या मोठ्या स्पीकरमधून सोडते. बातम्या मग आकाशवाणीच्या नाही, आकाशातूनच आल्यासारख्या वाटतात. क्रम असा हवा : आधी निवेदकाच्या आवाजाचे खालचे-वरचे सूर कापा, मग रेडिओच्या छोट्या स्पीकरचा चिरका स्वभाव लावा, आणि सगळ्यात शेवटी तो रेडिओ ज्या खोलीत ठेवलाय त्या खोलीचा रिव्हर्ब. हा क्रम उलटा केला तर निवेदकच त्या खोलीत उभं राहून बोलल्यासारखा वाटतो. फोनवरचा आवाज हवा असेल तर 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी ठेवा. जुन्या लँडलाइनवर तेवढीच यायची. याहून सोपा उपाय म्हणजे मर्चचा. छोटा ब्लूटूथ स्पीकर स्टीलच्या डब्यात घाला, रेडिओच्या मागे लपवा आणि त्यातूनच वाजवा. शून्य रुपये, आणि प्रेक्षकांची मान बरोबर रेडिओकडे वळते.

हे सगळं इतकं सोपं झालंय, की त्याचा दुसरा उपयोगही होतो. स्वामी विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं शिकागोतलं भाषण 'मूळ आवाजात' म्हणून तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलं असेल. मागे खरखर असते, त्यामुळे काकांना शंका येत नाही. त्या भाषणाचं अस्सल ध्वनिमुद्रण उपलब्धच नाही. आणि आतापर्यंत वाचलंत त्यावरून हे तुम्हालाही ताडता येईल. 1893 मध्ये माइक आणि अँप्लिफायर लावून सभा रेकॉर्ड करायची सोयच नव्हती. मेणाच्या नळकांड्यावर दोन-तीन मिनिटं आवाज कोरता यायचा, तोही कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोललं तर. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग रूढ झालं 1925 पासून. त्याआधीच्या अस्सल रेकॉर्डमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, गळ्याची खर्जातली भरदारी नसते आणि 'स', 'श' जवळजवळ गिळलेले असतात. क्लिपमध्ये खरखरीच्या खाली आवाज आजच्या माइकसारखा गुबगुबीत असेल, तर खरखर वरून भुरभुरलेली आहे.

आणखी एक खूण. 78 च्या रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल तर 'टक्' आवाज दर फेरीला, म्हणजे पाऊण सेकंदाच्या थोडं पुढे, ठेक्यात येतो. नकली खरखरीत बऱ्याचदा असा ठेका नसतो, किंवा तोच दहा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असतो. हेडफोन लावून ऐका आणि तुकडा कुठे जोडलाय ते शोधा. ग्रुपवर लिहिताना मात्र काकांचा मान राखून लिहा.

बरं, फुग्याचा प्रयोग करायचाच असेल तर येत्या रविवारी करा. मोठा फुगा घ्या आणि पुरेसा फुगवा. लहान फुग्यात खालचे सूर पुरेसे नसतात, टाळीतही नसतात. फोनमधल्या रेकॉर्डरचं नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर तो तुमची शेपटीच गोंगाट समजून कापून टाकेल. फोन फुग्यापासून पाच-सहा पावलं लांब ठेवा, पंखे बंद करा, तीन-चार फुगे फोडा. मग फुगा फुटल्या क्षणापासून शेपटी पूर्ण विरेपर्यंतचा तुकडा कापा आणि कॉन्व्होल्युशन रिव्हर्बच्या प्लगइनमध्ये टाका. रीपरवाल्यांचं 'रीव्हर्ब' हे असंच एक प्लगइन आहे. कॉलेजचा जिना, आजोळची विहीर, गावातला वाडा, पार्किंगचा तळमजला, काहीही चालेल. लेण्यांत वटवाघळं असतात, त्यांना त्रास नको, आणि पुरातत्त्व खात्याच्या जागी आधी परवानगी काढा. जागेचं नाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहा, सहा महिन्यांनी 'नवीन रेकॉर्डिंग 14' कुठलं होतं ते आठवत नाही. आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. संध्याकाळी सातला रिकाम्या जिन्यात फुगा फुटला की ते धावत वर येतात, आणि त्यांच्या चपलांचा आवाज शेपटीवर येऊन बसतो.